शिवाजी पार्कातली हाफ मॅरेथॉनची बॅच: १६ आठवडे, ६ हजार रुपये

फी आधी सांगते, कारण मीही आधी तीच विचारली होती. १६ आठवड्यांचे ६,००० रुपये. मंगळवार, गुरुवार आणि रविवार, पहाटे सव्वापाचला पार्काभोवतीच्या कट्ट्यावर हजर. एक टी-शर्टही मिळतो, पोपटी रंगाचा. घरी त्याला सगळे ‘वाहतूक शाखा’ म्हणतात.

मी ४६ वर्षांची, परळच्या एका शाळेत गणित शिकवते. वर्षभर एकटीच पार्काला फेऱ्या मारायचे. कट्ट्याची एक फेरी १.१७ किलोमीटरची, चार फेऱ्या आणि वर थोडं, की झाले पाच किलोमीटर. ते ३६ मिनिटांत व्हायचे आणि त्यानंतर दहा मिनिटं मी कट्ट्यावर बसून असायचे, कुणी हाक मारली तरी उत्तर न देता. एवढ्या भांडवलावर जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या हाफला नाव घातलं. २१.०९७५ किलोमीटर. सवयीने भागाकार केला, अठरा फेऱ्या आल्या. त्याच संध्याकाळी बॅचची चौकशी केली.

पहिल्या मंगळवारी बॅचचे प्रशिक्षक, म्हणजे आमचे सर, माझ्या बाजूने पळायला लागले आणि म्हणाले, “ताई, काय शिकवता तुम्ही?” म्हटलं, गणित. “मग सतराचा पाढा म्हणा.” सतरा दुणे चौतीसपर्यंत ठीक होतं. सतरा चोकला धाप लागली, अडुसष्ट काही तोंडातून निघेना. “म्हणजे तुम्ही रोज रेस पळताय. पाढा पूर्ण होईल इतकं हळू पळा.” हळू म्हणजे किती, तर किलोमीटरला साडेआठ मिनिटं. पार्कातले चालणारे आजोबा जवळजवळ माझ्या बरोबरीने होते. एकाने तर “पाय दुखतोय का?” म्हणून विचारलं. पहिले दोन आठवडे मला ही शुद्ध फसवणूक वाटत होती. पैसे देऊन कुणी हळू पळायला शिकतं का? पण तिसऱ्या रविवारी दहा किलोमीटर झाले आणि मी सतराचा पाढा उलटा म्हणत परत आले. कट्ट्यावर न बसता थेट भाजी घेऊन घरी. माझ्या मते सहा हजारांतले चार हजार या एका गोष्टीचे.

रविवारचं अंतर कसं वाढवायचं ते त्यांनी नीट बसवलंय. आठ, नऊ, दहा, मग एकदम सात. अकरा, बारा, चौदा, मग दहा. दर चौथ्या आठवड्याला अंतर उतरवतात, कारण शरीर सावरतं ते विश्रांतीत. मंगळवारी पार्कातच थोडं वेगाचं काम असतं, आणि सिद्धिविनायकाच्या दिशेने अनवाणी निघालेली माणसं बाजूने जात असतात. त्यांच्यापुढे आपल्या घड्याळाचं कौतुक सांगायला लाज वाटते. गुरुवारी पायऱ्यांवर टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं असले व्यायाम. कंटाळवाणे आहेत, पण करा.

ऑक्टोबरचा उकाडा काय असतो ते मुंबईकराला सांगायला नको. पहाटे साडेपाचलाही टी-शर्ट पिळून काढावा लागतो. इथे बॅचची सोय उत्तम. वरळी सी-फेसला एका गाडीची डिकी उघडलेली असते; पाणी, इलेक्ट्रल, मीठ लावलेल्या मोसंबीच्या फोडी. बाराव्या किलोमीटरला ती फोड दातांनी ओरबाडताना हनुवटीवरून रस ओघळतो, आणि कुणी बघतंय का याची फिकीर राहत नाही. पळताना ताकदीसाठी घेतात ते गोड, घट्ट जेल मला मानवलं नाही, घशात गोंद उतरल्यासारखं वाटलं. मी खिशात बिया काढलेला खजूर ठेवते. नवीन काही खायचं ते रविवारच्या सरावातच खाऊन बघा, रेसच्या दिवशी नाही, हे सर दर आठवड्याला बजावतात आणि ते बरोबरच आहे.

आता तक्रारी. बॅचने कूपन दिलेल्या दुकानात मला १३,५०० चे कार्बन प्लेटवाले बूट दाखवले, वेगाने रेस पळणाऱ्यांसाठीचे. किलोमीटरला साडेआठ मिनिटं घेणाऱ्या बाईला! ते नाही घेतले, पण त्याच भरात साधे बूट रोजच्या मापाचे घेऊन आले. चौदा किलोमीटरच्या रविवारी पेडर रोडचा उतार आला आणि अंगठा पुढे आपटत राहिला. घरी मोजा काढला तर नख जांभळं. दुसरे घेतले ते संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडून. हे कूपनासोबत सांगायला काय हरकत होती?

दुसरं, वेळापत्रक सगळ्यांना एकच. चोवीस वर्षांच्या मुलांना आणि मला सारखंच. नवव्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. मदतनीस प्रशिक्षक म्हणाला, “बर्फ लावा ताई, होईल.” मी स्वतःच्या खर्चाने फिजिओकडे गेले. तिने नडगीवरून बोट फिरवत विचारलं, दुखणं लांबभर पसरलंय की एकाच ठिकाणी? एका बोटाखाली टोचत असेल तर हाडाला चीर असू शकते, मग पळणं बंद. माझं पसरलेलं होतं, आठवडाभर अंतर कमी करून निभावलं. हे तपासायला तिला दोन मिनिटं लागली.

आणि तिसरी, मोठी. तीस जणांत आम्ही अकरा बायका. दोन-अडीच तास रस्त्यावर, आणि टॉयलेटचा विचार कुणी केलेला नाही. वाटेतल्या सार्वजनिक शौचालयाला सहापर्यंत कुलूप. पुरुष कुठेही आडोसा शोधतात. आम्ही आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितो, आणि मग सकाळी सर विचारतात, “ताई, पाणी का पीत नाही?” पाळीच्या दिवसांत काय करायचं याबद्दल आजवर एक अक्षर नाही; ते आम्ही बायकांनी वेगळा ग्रुप काढून एकमेकींना सांगितलं.

रेसला दोन आठवडे उरलेत. अठरा किलोमीटर झाले, पायांत जीव शिल्लक ठेवून. आता अंतर कमी करत आणायचं, म्हणून या रविवारी फक्त बारा. पाय नुसते शिवशिवतायत.

पाच किलोमीटर जमतंय आणि पुढे कसं जायचं कळत नाही, अशांनी ही बॅच जरूर लावावी. ज्यांना वेळ कमी करायचीय त्यांनी दुसरीकडे बघावं. पाचपैकी तीन तारे. परवा सरांना टॉयलेटचं पुन्हा विचारलं, म्हणाले, वाटेतल्या एका हॉटेलवाल्याशी बोलतो, पहाटे मागचं दार उघडून देईल. दार उघडलं की चौथा तारा देईन.