ऑपरेशनआधीचा रेक्टल स्वॅब: कार्ट्रिज की कल्चर?

कॅन्सरच्या ऑपरेशनआधी, आतड्यात अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू आहेत का हे बघायला रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून काडीने घेतलेला नमुना) घ्यायचं ठरलं, की पुढचा प्रश्न लगेच येतो: जीन शोधणाऱ्या जीनएक्सपर्ट मशीनवर कार्बा-आर कार्ट्रिज लावायची की कल्चर, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून बघायचे? आमच्या लॅबमध्ये मी दोन्ही केलंय.

वेगात कार्ट्रिजला तोड नाही. कार्बापेनेम ही राखीव अँटिबायोटिक निकामी करणाऱ्या केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी-१, ऑक्सा-४८ यांपैकी कोणता जीन आहे ते तासाभरात कळतं. टीबीसाठी मशीन आधीच असेल तर खर्च कार्ट्रिजचाच. तोही प्लेटच्या मानाने बराच.

मला खटकलं ते वेगळंच. ‘एनडीएम पॉझिटिव्ह’ रिपोर्ट गेला की सर्जनचा फोन येतो, “सर, इन्फेक्शन झालं तर देऊ काय?” माझ्या हातात जीनचं नाव असतं, जंतू नसतो. क्लेबसिएला की ई. कोलाय, कोलिस्टिन हे अँटिबायोटिक चालेल का, सेफ्टाझिडिम-अविबॅक्टमला अॅझट्रिओनामची जोड देऊन भागेल का, काहीच सांगता येत नाही. शेवटी कल्चर लावावंच लागतं. दर वेळी हेच.

शिवाय कार्बा-आर ईएसबीएल (सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिक निकामी करणारी जंतूंची एन्झाइम) बघतच नाही. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनआधी ईएसबीएल जंतूंसाठी स्वॅब घ्यावा आणि त्यानुसार प्रतिबंधक अँटिबायोटिक निवडावं, असं २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सुचवतात, सक्ती करत नाहीत. मला ते पटतं.

कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, ही खरी अडचण. आदल्या दिवशी दाखल करून स्वॅब घेतला तर रिपोर्ट ऑपरेशननंतरच येणार. पण कॅन्सरचं ऑपरेशन बहुधा ठरवून होतं आणि भुलेची तपासणी आधीच झालेली असते. स्वॅब तेव्हाच घ्या. रुग्ण दाखल होताना रिपोर्ट फायलीत असतो. पुढे तापाने फणफणला तर स्वॅबमधलाच जंतू कारण असेल असं नाही, तरी पहिल्या अँटिबायोटिकचा निर्णय निव्वळ अंदाजावर राहत नाही.

आतडं अडकून रात्री आलेला रुग्ण किंवा दुसऱ्या आयसीयूतून पाठवलेला, यांच्यासाठी कार्ट्रिज जरूर ठेवा. मात्र जंतू इतरांत पसरू नये म्हणून रुग्णाला वेगळी खोलीच मिळणार नसेल तर तासाभरातल्या रिपोर्टचा उपयोग निम्मा होतो, असं मला वाटतं.

भुलेची तपासणी आणि दाखल होणं यांच्या मध्ये रुग्ण दुसरीकडे भरती झाला असेल किंवा अँटिबायोटिक घेतलं असेल, तर स्वॅब पुन्हा घ्या.