रुपया, डॉलर की लिरा? मुलीच्या शिक्षणाच्या २० लाखांचा हिशेब

भाचा जुळे सोलापुरात राहतो. प्लॉट विकून त्याच्या हातात २० लाख आलेत. मुलगी बारावीत आहे. इंजिनिअरिंग झालं की तिला एमएसला अमेरिकेत जायचंय, म्हणजे मोठा खर्च साधारण पाच वर्षांनी. रविवारी वही घेऊन आला. "मामा, तीन पर्याय काढलेत. इथली एफडी, अमेरिकेचा इंडेक्स फंड (निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड), नाहीतर तुर्कीचे रोखे. तुर्कीत ५० टक्के व्याजदर होता म्हणे!"

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल निर्यातीची कागदपत्रं करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. कुठलं चलन कधी दगा देतं हे त्या टेबलावर कळत गेलं. हाच प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

सुरुवात तुर्कीपासून करतो, कारण मोह तिथेच जास्त आहे. आम्ही टॉवेलवाले तुर्कीला चांगलं ओळखतो. देनिझली हे तिथलं टॉवेलचं शहर. लिरा, म्हणजे तिथलं चलन, घसरला की तिकडचा कारखानदार डॉलरमध्ये भाव उतरवतो, आणि इकडे खरेदीदाराचा मेल येतो: तुर्कीवाले नगामागे इतके सेंट कमी सांगतात, तुम्ही काय करता? देश तोच, कारखाने तेच, माणसंही कष्टाळू. पण चलनाचं काय झालं ते बघा. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला साधारण ७.४ लिरा पडत होते आणि मध्यवर्ती बँकेचा व्याजदर होता १७ टक्के. तेव्हा कोणी एक लाख लिरा, म्हणजे साडेतेरा हजार डॉलर, त्या दराने ठेवले असते तर वर्षअखेरीस १ लाख १७ हजार लिरा हातात आले असते. पण तोवर डॉलर १३.३ लिरांवर गेला होता. म्हणजे उरले जेमतेम ८,८०० डॉलर. १७ टक्के व्याज मिळूनही मुद्दलाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गेला.

असं का झालं? त्या मार्चमध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर नाजी अग्बाल यांनी दर १९ टक्क्यांवर नेला, आणि दोन दिवसांत त्यांना पदावरून काढलं. महागाई वाढत असताना दर खाली आणले. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांवर पोहोचली. भाच्याने ऐकलेला ५० टक्क्यांचा दर मार्च २०२४ चा, म्हणजे आग लागल्यावर मारलेलं पाणी. मोठं व्याज दिसलं की पहिल्यांदा विचारायचं, हे एवढं का द्यावं लागतंय?

आता आपला रुपया. १९९१ मध्ये आपणही त्या काठावर होतो. परकीय चलनाची गंगाजळी आयातीच्या दोन-तीन आठवड्यांपुरती उरली, जुलैत सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं आणि डॉलर २१ वरून २६ रुपयांच्या आसपास गेला. तिथून २०२४ च्या मध्यापर्यंत, डॉलर साडेत्र्याऐंशीला येईतो, घसरण बसते वर्षाला सरासरी साडेतीन टक्के. ही घसरण संथ आहे आणि बरीचशी आपल्या व अमेरिकेच्या महागाईतल्या फरकाएवढी आहे. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला ४ टक्के महागाईचं लक्ष्य कायद्याने बांधून दिलंय, वर-खाली २ टक्क्यांची मुभा. सप्टेंबर २०२४ मध्ये गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती. दुखणं आहे ते तेलाचं. ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो, त्यामुळे तेल भडकलं की रुपया दबतो.

पण सरासरीवर झोपायचं नाही. २०१३ च्या मे महिन्यात डॉलर ५५ च्या आसपास होता, २८ ऑगस्टला ६८ च्या पुढे गेला. आमच्या मालकांनी तेव्हा बिलाचे डॉलर विकायचे थांबवले, ७० होणार म्हणून. सप्टेंबर संपेपर्यंत भाव ६२-६३ वर आला. सूतवाल्याचे पैसे द्यायचे होते, शेवटी त्याच भावाने विकावे लागले. तेव्हापासून चलनाचा अंदाज बांधून पैसे लावणाऱ्याला मी आधी थांबवतो.

डॉलरचंही सगळं गोड नाही. अमेरिकेचं सरकारी कर्ज जीडीपीच्या १२० टक्क्यांच्या आसपास आहे. तिन्ही मोठ्या पतमापन संस्थांनी तिचं सर्वोच्च मानांकन काढलंय, शेवटी मूडीजने मे २०२५ मध्ये. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत इतर मोठ्या चलनांपुढे डॉलर १० टक्क्यांहून जास्त पडला. तरीही जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या परकीय गंगाजळीतला निम्म्याहून जास्त वाटा आजही डॉलरचाच आहे, आणि अमेरिकी कॉलेजची फी तर डॉलरमध्येच भरायची आहे. शेअर मात्र वेगळी गोष्ट. २००० मध्ये शिखरावर एस अँड पी ५०० मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पाचशे बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात, शिरलेल्याला ती पातळी पुन्हा बघायला २००७ उजाडलं. अर्थव्यवस्था वाढली म्हणून शेअर वाढतीलच असंही नसतं. चीन कुठल्या कुठे गेला, पण शांघायचा निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये ६,००० च्या वर होता आणि २०२५ मध्येही त्याच्या बराच खाली होता.

मग एफडी की डॉलर? हे समजायला आमच्या टेबलावरचा फॉरवर्ड बघा, म्हणजे पुढे येणाऱ्या डॉलरचा भाव आजच बांधून घ्यायचा करार. आज डॉलर ९० ला असेल तर बँक तीन महिन्यांनी येणाऱ्या डॉलरला नव्वदच्या थोडा वर भाव बांधून देते. हा जादा पैसा म्हणजे दोन देशांच्या व्याजातला फरक. म्हणजे एफडीचे ७ टक्के आणि डॉलर ठेवीचे ४ टक्के यांतला फरक ही फुकटची कमाई नाही, रुपयाच्या घसरणीची ती भरपाई आहे.

वहीत मांडलं. २० लाख म्हणजे ९० च्या भावाने २२,२०० डॉलर. ७ टक्के एफडी, व्याजावर ३० टक्के कर जाऊन पाच वर्षांनी साधारण २५.४ लाख. रुपया वर्षाला साडेतीन टक्के घसरला तर डॉलर १०७ ला. हातात २३,७५० डॉलर. पाच वर्षांत वाढ फक्त दीड हजार डॉलरची, आणि तिकडची फी दरवर्षी वाढतेच.

हाच प्रश्न टॉवेल निर्यातदाराने विचारला असता तर माझं उत्तर उलटं असतं. त्याची कमाई आधीच डॉलरची आणि गिऱ्हाईक अमेरिकेचं. २७ ऑगस्ट २०२५ पासून तिथे भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागलं तेव्हा ऑर्डरी अडकल्या. त्याने बचतही तिकडेच नेली तर एकाच फांदीवर दोन्ही पाय. त्याने रुपयातच राहावं. भाच्याची कमाई रुपयात आणि खर्च डॉलरमध्ये, म्हणून त्याने काही भाग डॉलरमध्ये न्यायलाच हवा.

त्याला सांगितलं ते असं. ८ लाख एफडीत, कारण इथल्या इंजिनिअरिंगची फी रुपयात जाणार. ६ लाख गिफ्ट सिटीतल्या (गुजरातमधलं परकीय चलनाच्या व्यवहारांचं केंद्र) बँकेत डॉलर ठेवीत. ६ लाख अमेरिकी इंडेक्स फंडात, तेही हप्त्याने, आणि गरजेच्या दोन वर्षं आधीपासून काढत जायचे. परदेशी पाठवलेली रक्कम एका माणसाची वर्षाला १० लाखांच्या आत असली की २० टक्के टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) कापला जात नाही, म्हणून हे १२ लाख दोन आर्थिक वर्षांत पाठवायचे. कापला गेलाच तर तो प्राप्तिकरात वळता होतो, पण तोवर पैसा अडकून पडतो.

लिरावर त्याने स्वतःच रेघ मारली. आता पुढच्या आठवड्यात पॅन आणि पासबुक घेऊन बँकेत जायचंय, तेव्हा डॉलरचा पाटीवरचा भाव आणि बँक प्रत्यक्षात लावते तो भाव यांत किती पैशांचा फरक आहे ते आधी लिहून घे म्हणून सांगितलंय.