२८ मिमी मराठा पायदळ: प्लास्टिक की धातू?

दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या आघाडीसाठी मराठा लाइट इन्फंट्रीची, म्हणजे २८ मिमी मापाच्या छोट्या सैनिक-मूर्तींची, तुकडी उभी करायची, तर पहिला प्रश्न हाच.

माझं मत प्लास्टिककडे झुकतं, कारण हात-डोकी सुटी मिळतात आणि हवी ती पोझ जमवता येते. हेच बघा: १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर खोऱ्यात याच पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांनी मशीनगनच्या मोर्च्यावर एकट्याने चाल केली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमी गन (हातातली छोटी मशीनगन) नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांवर घाव घातले. ही पोझ तयार मिळण्याची वाट का पाहायची? मनगट कापा, हात फिरवा, प्लास्टिक सिमेंट लावा. ते प्लास्टिक वितळवून जोडतं, सांधा पक्का बसतो. खाच राहिलीच तर पुटी भरा.

धातूला सुपरग्लू लागतो आणि पडला की बारीक सांधा निखळतो, टोकांवरचा रंगही उडतो. पण मूर्ती बहुधा अखंड असते, हातात वजन जाणवतं, आणि चांगल्या शिल्पकाराने घडवलेल्या चेहऱ्याला तोड नसते.

रंगकाम दोन्हींचं सारखंच: प्रायमर, खाकी, वर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), मग उंचवट्यांवर फिकट खाकी. चेहऱ्यावर मात्र घाई नको. डब्यावर ‘त्वचा’ लिहिलेला गुलाबी रंग इथे चालत नाही. मी गडद तपकिरीपासून सुरुवात करतो आणि गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर गेरूची छटा चढवतो. तेवढ्याने चेहरा आपल्या माणसाचा दिसू लागतो.

पहिलीच तुकडी असेल तर प्लास्टिक घ्या. अधिकारी आणि ब्रेन मशीनगनवाला तेवढे धातूचे.