स्टेपनी नसलेली मिनी: डनलॉप डेनोव्हो चाकांचा रिव्ह्यू

माझ्याकडे जी जुनी ब्रिटिश गाडी मिनी 1275 जीटी आहे ना, ती आली तेव्हा डेनोव्होच्याच चाकांवर होती, म्हणून लिहितोय. 1974 मध्ये डनलॉपचे हे टायर या मॉडेलला ऑप्शन म्हणून आले, पुढे स्टँडर्डच झाले. दावा असा की पंक्चर झालं तरी 80 च्या स्पीडने साधारण 160 किलोमीटर जाता येईल, म्हणजे ना जॅक, ना भर रस्त्यात चाक बदलणं, आणि स्टेपनीच नाही. (स्टेपनी हा आपला शब्दसुद्धा तिकडचाच बरं का, वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेला.) मिनीची डिकी केवढीशी असते ते माहितीये, त्यातून एक अख्खं चाक कमी झालं की खरंच फरक पडतो.

आता आतली गंमत. रिम मुद्दाम अरुंद आणि टायरचा पट्टा रुंद, त्यामुळे हवा गेली की रिमची कड साइडवॉल (टायरची बाजू) कापत नाही, टायर आपल्याच अंगावर बसतो. पण रबरावर रबर घासलं की तापणारच, म्हणून रिमवर आतून जेलचे छोटे डबे बसवलेले. टायर बसला की दाब पडून डबे फुटतात, जेल आतून सगळीकडे पसरतं, घर्षण कमी करतं, भोक बुजवतं आणि त्यातल्या द्रवाची वाफ होऊन थोडी हवासुद्धा भरते! हे सगळं 70 च्या दशकात, एवढ्याशा गाडीसाठी, मला तर आजही हे वाचलं की कौतुक वाटतं.

चालवायला मात्र मजा नाही आली. माझे टायर म्हातारे होऊन कडक झालेले, त्यामुळे सगळा दोष डिझाइनवर टाकत नाही, पण स्टेअरिंग जड आणि मिनीची ती चपळाई हरवल्यासारखी. हवा काढून बघायची फार इच्छा होती पण इतक्या जुन्या रबरावर ती रिस्क घेतली नाही.

खरं दुखणं साइजचं आहे. रिम 310 मिलिमीटरची, आणि 12 इंच म्हणजे जेमतेम 305. एका टायरवाल्याने 12 इंचीच आहे हो, बसेल म्हणत नेहमीचा टायर चढवायला घेतला, मी तिथेच थांबवलं. पाच मिलिमीटर दिसायला काहीच नाही पण टायरची कड रिमवर नीट बसली नाही तर चालत्या गाडीत टायर निसटेल. म्हणजे टायर संपला की रिम पण भंगार. नंतर 1980 च्या ऑस्टिन मेट्रो गाडीला डनलॉपने टीडी टायर दिले, त्यात टायरची कड रिमच्या खाचेत अडकते, हवा गेली तरी सुटत नाही, हा उपाय मला जास्त साधा आणि चांगला वाटतो, पण साइज काय तर 315! परत तेच.

शेवटी साधी 12 इंची चाकं लावली आणि गाडी एकदम जिवंत झाली. जुनी 10 इंची लावू म्हणाल तर 74 नंतरच्या जीटीला 8.4 इंची ब्रेक डिस्क आहेत, त्यावर ती बसत नाहीत. घेणार असाल तर आधी टायरवर 310 लिहिलंय का ते बघा, असेल तर चार रिम, चार टायर आणि एक स्टेपनी एवढा खर्च किमतीतून कमी करून मागा.