बीबीसी मायक्रो, वर्डवाइज आणि ९ पिनचा प्रिंटर : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगतो, छपाई कशी येणार हे वर्डवाइज, म्हणजे माझा लिखाणाचा प्रोग्राम, फारसं ठरवत नाही. प्रिंटरला तुम्ही कोणते कोड पाठवता आणि आत रिबन कशी आहे, यावर सगळं असतं.

माझ्याकडे बीबीसी मायक्रो मॉडेल बी हा जुना ब्रिटिश संगणक आहे. १९८१ चं डिझाइन, ३२ के मेमरी. आपल्याकडेही १९८४ च्या क्लास या संगणक शिक्षणाच्या योजनेत शाळांमध्ये हेच मशीन आलं होतं. त्यात वर्डवाइजची रॉम चिप, आणि जोडीला एप्सनचा एलएक्स-३००+, पिनांनी ठिपके उमटवणारा, मेडिकलवाले बिलं काढतात तो. पॅरलल पोर्ट मशीनच्या पोटाखाली आहे. केबल नीट असेल तर ८० च्या दशकातले एस्केप कोड, म्हणजे छपाईच्या सूचना देणारे आकडे, हा प्रिंटर आजही बिनतक्रार पाळतो, आणि याचं मला खरंच कौतुक वाटतं.

सगळ्या ओळी एकावर एक छापल्या जात असतील तर घाबरू नका. मशीन लाइन फीड, म्हणजे कागद एक ओळ पुढे सरकवणारा कोड, गाळून टाकतं. '*एफएक्स ६,०' दिलं की कागद सरकू लागतो.

आता मुख्य गोष्ट. साधा ड्राफ्ट म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. 'ई' आणि 'ओ' ची वळणं तुटक दिसतात. ते सुधारायचे कोड स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत मजकुरातच टाकायचे असतात. 'ओसी २७,७१' म्हणजे डबल स्ट्राइक : ओळ दोनदा छापली जाते, मधे कागद इंचाच्या २१६ व्या भागाइतका सरकतो आणि ठिपक्यांमधली फट बुजते. 'ओसी २७,६९' ने प्रत्येक ठिपका बाजूला पुन्हा उमटतो, अक्षर ठळक होतं. मला सर्वांत आवडलं ते 'ओसी २७,१२०,१', म्हणजे एनएलक्यू (नियर लेटर क्वालिटी). वेग बराच उतरतो, पण पत्र टाइपरायटरवरचं वाटतं. नव्या रिबनवर एनएलक्यू आणि ठळक एकत्र वापरू नका, अक्षरांची पोटं भरून काळी होतात. डबल स्ट्राइक रिबन फिकी पडल्यावर कामाला येतो.

समास दोन्ही बाजूंनी सरळ करायचा मोह टाळा. वर्डवाइज शब्दांमध्ये अख्ख्या जागा घालतं, त्यामुळे परिच्छेदात पांढऱ्या भेगा पडतात. प्रपोर्शनल, म्हणजे कमीजास्त रुंदीची अक्षरं घेतलीत तर आणखी बिघडतं, कारण वर्डवाइज अक्षरं मोजतं, त्यांची रुंदी नाही. मी उजवी बाजू मोकळी सोडतो आणि 'ओसी २७,७७' ने इंचाला १२ अक्षरं घेतो. साडेसहा इंचांची ओळ हवी तर ओळीची लांबी स्वतः ७८ करावी लागते.

कागदाचंही तसंच. आपल्या दुकानांत १० बाय १२ चा कंटिन्युअस पेपर मिळतो, त्यावर ७२ ओळी बसतात. ११ इंची कागदाच्या ६६ वर सोडलंत तर दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून मजकूर छिद्रांच्या रेघेवर चढतो. 'पीएल७२' (पीएल म्हणजे पानाची लांबी) लिहा, संपलं.

रिबनवर पैसे वाचवू नका. एका स्वस्त रिबनचे धागे हेडमध्ये अडकले होते. जाड कागद असेल तर प्रिंटरची कागदाच्या जाडीची लिव्हर एक घर मागे घ्या, अक्षराभोवतीची काळी झाक जाते.

मराठीचं विचाराल तर वर्डवाइजमधून होणार नाही. ते मोड ७ या टेलिटेक्स्टच्या (टीव्हीवरच्या मजकूर सेवेच्या) धर्तीच्या स्क्रीनवर चालतं आणि तिथली अक्षरं चिपमध्येच पक्की असतात, नवी घडवता येत नाहीत. मराठी हवी असेल तर बेसिकमध्ये प्रोग्राम लिहून ठिपके चित्रासारखे पाठवावे लागतात. लेटरहेडवरचं नाव तेवढं मी तसं छापतो. उभ्या रेघा ओळीगणिक सरकत असतील तर त्याआधी २७,८५,१ पाठवा, म्हणजे हेड एकाच दिशेने छापेल आणि काना सरळ येईल.