संग्रहासाठी पहिली जपानी लष्करी तलवार कोणती घ्यावी: टाइप ९५ की टाइप ९८?

टाइप ९५ (१९३५) हवालदार दर्जाच्या सैनिकांना सरकारकडून मिळायची. टाइप ९८ (१९३८) अधिकारी स्वखर्चाने घेत. पारखायच्या पद्धतीही त्यामुळेच वेगळ्या.

९५चं पातं यंत्रावर बनलेलं, बहुतेक पन्हळीचं (लांबीभर खोबण असलेलं). आधी पात्यावरचा क्रमांक म्यानाच्या तोंडावरच्या क्रमांकाशी जुळवा. मूठ बहुतेक ॲल्युमिनियमची ओतीव, वर दोरीच्या वेढ्यांचा रंगवलेला देखावा. युद्धाच्या शेवटी लाकडी मुठीही आल्या, तेवढ्यावरून नकली ठरवू नका. मुठीचा स्क्रू उगाच खोलू नये. खाच बिघडली की किंमत उतरते.

९८ मात्र उघडल्याशिवाय कळत नाही. मूठ पात्याला अडकवणारी बांबूची खुंटी निमुळती असते, ती पितळी ठोकणीने बारीक टोकाकडून ढकला. मग पातं तिरपं उभं धरून, मूठ धरलेल्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलके ठोके द्या. त्सुबाच्या (मूठ आणि पातं यांमधल्या हातरक्षक तबकडीच्या) दोन्ही बाजूंच्या चकत्या निघतील त्याच क्रमाने ओळीत मांडा. त्यांवर बहुधा एकच आकडा असतो. आकडा वेगळा निघाला तर सुटे भाग बदललेले असू शकतात. पात्याच्या शेपटावर (मुठीत जाणाऱ्या भागावर) शोवा (१९२६ ते १९८९ चा जपानी कालखंड) शिक्का असेल तर ते त्या काळातलं, पारंपरिक पद्धतीचं नसलेलं. शेपटावरचा गंज कधीच घासू नका: वयाचा पुरावा तोच.

नवख्याने ९५च घ्यावी, पण क्रमांक जुळत असतील तरच.