पांढऱ्या मस्टँगला हळद लागली: पीपीएफचे चौदा महिने

गाडीच्या रंगावर खडे-ओरखड्यांपासून बचावाला पारदर्शक फिल्म चिकटवतात, तिला पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) म्हणतात. एप्रिलमध्ये तिचा अनुभव लिहायला बसलो तेव्हा पोटात नुसत्या शिव्या होत्या. अर्धं लिहून झालं, मध्येच एक गोष्ट घडली आणि लिखाण तसंच पडून राहिलं. आता डिसेंबर आहे. तेव्हाचा भाग न बदलता ठेवतोय. त्यातली एक शिवी परत घ्यायची आहे, आणि जी तेव्हा सुचलीच नव्हती ती स्वतःला घालायची आहे.

गाडी २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी, पांढरी, पुण्याहून सेकंडहँड आणलेली. इंजिन, आवाज, मायलेज यावर लोकांनी सगळं लिहून ठेवलंय, मी त्यात भर घालत नाही. माझं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे, एवढं मात्र लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता एप्रिलचा मजकूर.

दसऱ्याच्या आठवड्यात फिल्म लावून घेतली. कोल्हापूरच्या स्टुडिओवाल्यानं तीन हिशोब समोर ठेवले. पूर्ण गाडी १ लाख ९० हजार. पुढचा भाग, दाराखालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकापुढचा तुकडा मिळून ८६ हजार. नुसता पुढचा भाग ७२ हजार. मी शेवटचा घेतला: बंपर, पूर्ण बॉनेट, पुढचे दोन्ही फेंडर (चाकांवरचे पत्रे), आरसे, हेडलाइट. अर्धं बॉनेट स्वस्तात होत होतं, पण पांढऱ्या गाडीवर मध्येच आडवी रेघ दिसते आणि त्या रेघेत धूळ बसते, म्हणून पूर्ण घेतलं. पुढचाच भाग का, तर ही गाडी मुळातच आयात होऊन यायची आणि फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. उद्या बंपर गेला तर नवा कधी येईल ते कुणी सांगावं.

स्टुडिओवाला बोलका होता. ही फिल्म मूळची व्हिएतनाम युद्धातली, वाळू-खड्यांनी हेलिकॉप्टरच्या पात्यांची पुढची कड झिजायची म्हणून तिच्यावर चिकटवायला निघाली, असं त्यानं सांगितलं. मी तोच मुद्दा पकडला. म्हटलं, "म्हणजे पुढची कडच झाकायची ना? मग मागचं कशाला?" तो म्हणाला, "साहेब, मागच्या चाकापुढचा वीतभर तुकडा तरी घ्याच. पोर्शा ९११ ला तो कारखान्यातूनच लावून येतो." मला वाटलं, दुकानदाराची भाषा आहे, मीही दुकानदारच आहे. चौदा हजारात त्या वेळी जवळपास क्विंटलभर हळद येत होती. नाही म्हटलं.

आणि आता सहा महिन्यांत फिल्म पिवळी पडली आहे. पूर्ण नाही, कडेनं. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, बंपर आणि फेंडरच्या जोडाला, हेडलाइटभोवती, सुतासारखी पिवळी रेघ. वॉरंटी कार्डावर दहा वर्षं पिवळी पडणार नाही असं मोठ्या अक्षरात छापलंय. वाचून पाहिलं तेव्हा कळलं की ही फिल्म ज्या प्लास्टिकची असते त्या पॉलियुरेथेनमध्ये दोन जाती असतात, ॲरोमॅटिक आणि ॲलिफॅटिक. पहिली स्वस्त, आणि उन्हात पिवळी पडते. मला दुसरीच्या नावाखाली पहिली चिकटवली, अशी माझी खात्री झाली आहे.

फोन केला तर म्हणे फोटो पाठवा. पाठवले. म्हणे शाम्पू चुकीचा वापरता. मी म्हटलं गाडी बाहेर धुवायला देतच नाही, घरी मी स्वतः धुतो. म्हणे गाडी घेऊन या. ५० किलोमीटर गेलो तर मालक बाहेरगावी. पुन्हा फोन, तेव्हा वॉरंटीतलं बारीक अक्षर वाचून दाखवलं: पिवळेपणा, तडे आणि सुटणं वॉरंटीत बसतं, "बाहेरून आलेला डाग" बसत नाही. बाहेरून कुठून येणार, आभाळातून? यार्डात तर चेष्टेला ऊत आलाय. "शेठ, गाडीचं लगीन ठरलं काय? हळद लागली की!" ७२ हजार देऊन मी

इथं एप्रिलचा मजकूर तुटतो.

तुटला त्याचं कारण आमचे तात्या. यार्डात तीस वर्षं पोती उचलणारा माणूस. मी गाडीपाशी उभा राहून फोनवर स्टुडिओवाल्याला ग्राहक न्यायालयाची धमकी देत होतो. तात्यांनी वाकून बॉनेटच्या कडेवरून बोट फिरवलं, नखाकडं बघितलं आणि म्हणाले, "मालक, ही तर आपली हळदच हाय की."

मी म्हटलं, काहीतरीच.

त्यांनी खिशातनं तंबाखूची पिशवी काढली, डबीतला चुना बोटाच्या टोकावर घेतला आणि त्या पिवळ्या रेघेला लावला. रेघ लाल झाली. कुंकवासारखी लाल. हळदीला चुना लावला की कुंकू होतं हे लहानपणापासून बघत आलेल्या, हळदीवरच पोट असलेल्या माणसाला ते एका हमालानं दाखवावं लागलं. फोन चालूच होता. पलीकडून "हॅलो, साहेब?" चाललं होतं. मी तो हळूच बंद केला. (चुना लगेच ओल्या फडक्यानं पुसला. तुम्ही रंगावर चुना घासू नका. साबणाच्या पाण्यानंही हळदीचा रंग लालसर होतो, तेवढं पुरतं.)

कारण सोपं होतं. गाडी दुकानासमोर उभी असते, फेब्रुवारीपासून सौद्यांचा जोर, पोती आपटली की पिवळा धुरळा उठतो. फिल्म मशीननं मापात कापून आणतात आणि पत्र्याच्या कडेच्या दीड-दोन मिलीमीटर आत थांबवतात, म्हणजे गाडीवर ब्लेड चालवावं लागत नाही. पण त्या कापलेल्या कडेला चिकट भाग उघडा राहतो आणि धूळ तिथंच बसते. इतरांच्या गाड्यांना तिथं काळी रेघ येते, माझ्या गाडीला पिवळी आली. बॉनेटवरच्या फिल्मच्या कडा आत मोडून घेता आल्या असत्या, ते काम त्यानं टाळलं, ही तक्रार अजून कायम आहे. पण फिल्म बनावट होती हा आरोप मी परत घेतो. खात्री म्हणून आठवडाभर गाडी गच्चीसमोर उन्हात ठेवली. हळदीचा डाग उन्हानं फिका पडतो, पिवळी पडणारी फिल्म उन्हात आणखी पिवळी होते. रेघ निम्म्यानं कमी झाली. उरलेली स्टुडिओवाल्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून दिली, पैसे घेतले नाहीत. मीही चुन्याचा विषय काढला नाही.

त्यानंतर मी फिल्मकडे जरा प्रेमानं बघायला लागलो आणि पावसाळ्यापर्यंत तिचा भक्तच झालो होतो. कराडच्या अलीकडे हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा आला, बॉनेटवर टाण्कन आवाज झाला, पोटात गोळा आला. थांबून बघितलं तर फिल्मवर बारीक खळगा, आतला रंग शाबूत. गाडीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा, त्यातला वरचा क्लिअर कोट चाळीस-पन्नास. फिल्म एकटीच २०० च्या आसपास. सिरॅमिक कोटिंगवाले याच कामाची हमी देतात तेव्हा हा हिशोब विचारा. त्यांचा थर काही मायक्रॉनचा असतो. पाणी छान घसरतं, खडा घसरत नाही.

गळीत हंगामात इस्लामपूरजवळ उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना बाहेर लोंबणाऱ्या उसाचे शेंडे डाव्या फेंडरवरून सरकत गेले. घरी येऊन अंघोळीचं गरम पाणी बादलीभर ओतलं, आणि केसासारखे ओरखडे डोळ्यांदेखत विरघळले. सौ. दारात उभी राहून बघत होत्या, म्हणाल्या, "माझ्या तव्यांना लावून मिळेल का?" एक खोल ओरखडा मात्र राहिला, कारण भरून येतो तो फक्त वरचा पातळ थर, फिल्म चिरली की चिरलीच. बंपरच्या अगदी खालच्या ओठावरची पट्टी तर दोन महिन्यांत गतिरोधकांनी सोलून काढली. तिथं पैसे घालवू नका, इथले गतिरोधक गाडी बघून बांधलेले नाहीत.

तर नोव्हेंबरपर्यंत माझं मत होतं: पाचपैकी साडेचार, पुढचा भाग करा, बाकी सोडा.

दिवाळीनंतर गाडी बसून धूत होतो. एरवी उभ्यानं धुतो. पाट घेऊन मागच्या चाकाशी बसलो आणि चाकाच्या पुढे, जिथं गाडीची कंबर संपून मागचा भाग बाहेर फुगतो, तिथं बोटाला खरखर लागली. स्पंज फिरवला. वीतभर जागेत वीस-बावीस टवके. काही पांढऱ्यावर राखाडी, आणि पाच-सहा तांबूस. गंज. उजव्या बाजूला तसंच. दाराखालच्या पट्टीवर पुढच्या चाकामागे आणखी.

हे खडे कुठल्या ट्रकनं मारले नव्हते. माझ्याच पुढच्या चाकांनी मारले. रुंद, मऊ रबराचे टायर खडी चिकटवून घेतात आणि मागे फेकतात, आणि या गाडीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा बाहेर आलेला, म्हणजे झेलायला तयारच. मी वर्षभर गाडी चालवली कुठं? हायवेवर महिन्यातून एकदा. बाकी सगळं सांगली–पेठ, मिरज, हरिपूर, जिथं काम चालू आहे तिथली सुटी खडी, नाहीतर मुरूम. स्टुडिओत बसून मी हायवेचा विचार करून फिल्म निवडली आणि चालवली यार्डातून घरी.

याच्यापुढचं जास्त लागलं. मुलगा फ्रीजवरचं गणपतीचं चुंबक घेऊन आला आणि गाडीभर फिरवत बसला. बॉनेटला चिकटेना. पुढच्या फेंडरला चिकटेना. या मॉडेलचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत, हे कुठंतरी वाचलं होतं पण डोक्यात उतरलं नव्हतं. बंपर तर प्लास्टिकचाच. मागच्या चाकापुढे गणपती टक्कन चिकटला. म्हणजे ७२ हजार देऊन मी प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम झाकलं, आणि चौदा हजार वाचवून पोलाद उघडं ठेवलं. ॲल्युमिनियमलाही गंज चढतो, पांढरा आणि संथ, पण तांबडा गंज ज्याला चढतो तेच नेमकं मी सोडलं. त्यात पुढचा फेंडर बोल्ट काढून बदलता येतो. मागचा पत्रा गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, तो बदलणं म्हणजे कापाकापी.

मिरजेच्या पेंटरनं दोन्ही बाजूंचे २२ हजार सांगितले. गंज घासून प्रायमर, मग रंग वरपर्यंत मिसळत न्यायचा. पांढरा साधा रंग आहे, मेटॅलिक असता तर आणखी. त्यानं वर हेही सांगितलं की नव्या रंगावर महिनाभर फिल्म लावायची नाही, आतला सॉल्व्हंट पूर्ण उडून जाऊ द्यायचा. आणि पुढे कधी फिल्म काढताना रंग नीट धरलेला नसेल तर तो फिल्मबरोबर सोलून येईल. कंपनीच्या रंगाला ही भीती फारशी नसते. म्हणून तर तो रंग असतानाच फिल्म लावायची असते. असो.

सांगलीत चालवायची, रुंद टायरची गाडी असेल तर आता मी उलट्या क्रमानं पैसे देईन. आधी मागच्या चाकापुढचा तुकडा आणि दाराखालची पट्टी. मग बंपर. बॉनेट करायचं तर पूर्ण, आणि कडा आत मोडून, त्यासाठी ब्लेडवाल्याच्या हाताची खात्री असेल तरच. हेडलाइट करा, प्लास्टिक आहे. दाराच्या हँडलमागची वाटी स्वस्तात होते आणि सौंच्या अंगठीमुळे तिथं पडणाऱ्या ओरखड्यांचा विषय आमच्या घरात कायमचा मिटेल, त्यामुळे ती कराच. छत, डिकीचं झाकण, दाराचा वरचा भाग यांना माझ्याकडून एक रुपया नाही. खरेदीआधी एक चुंबक घेऊन गाडीभोवती फिरा, दहा मिनिटांचं काम आहे.

स्टुडिओवाल्याला परवा फोन केला. त्यानं "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हटलं नाही, हे त्याचं मोठेपण. तुकडा आणि पट्टी आता सोळा हजार झालेत. चौदावर आणायला बघतोय, तारीख संक्रांतीनंतरची मिळालीय.

तोपर्यंत पेंटरकडून करून घेतलेला नवा रंग उघडा आहे. म्हणून मिरजेत ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानातून ट्रॉलीच्या रबराचा तुकडा ४०० रुपयांना घेतला, पुढच्या चाकामागे बसतील असे दोन फ्लॅप कापले आणि आतल्या प्लास्टिकच्या स्क्रूंनाच अडकवले. तीन आठवडे झाले, मागच्या नव्या रंगावर एक टवका नाही. मुलगा म्हणतो, "पप्पा, मस्टँगला ट्रॉलीचे फ्लॅप लावून कॉलेजच्या दारात सोडू नका." मी त्याला कोपऱ्यावर सोडतो. फ्लॅप फिल्म लागेपर्यंत राहतील, आणि नंतर काढीनच असं काही मी त्याला कबूल केलेलं नाही.